भिंतीला टेकलेल्या पाठी

भिंत खोटं बोलत नाही, असं करारातच लिहिलं होतं. कलम एकेचाळीस. रूपाली धोत्रेनं त्यावर सही केली तेव्हा तिला हसू आलं होतं. बोलणारी भिंत म्हणजे आणखी एक जाऊबाईच झाली की, असं ती घरी म्हणाली होती. आता त्याच भिंतीनं तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती आणि ते हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

हे बोलणाऱ्या भिंतीचं प्रकरण काय, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. काँक्रीट कालवताना हल्ली त्यात एक खास खडी मिसळतात. दिसायला ज्वारीच्या दाण्यासारखी, चिनीमातीची. तिला ना बॅटरी लागते, ना वायर. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांच्या फरकावरच तिचं पोट भरतं. प्रत्येक दाणा आपल्या भोवतीची उष्णता, ओल आणि ताण मोजत बसतो, ध्यानात ठेवतो आणि शेजारच्या दाण्याच्या कानात सांगतो. पुढे कधी तंटा झाला की भिंतीला वाचकयंत्र लावायचं. जन्मापासूनची सगळी हकीकत बाहेर पडते आणि चूक कोणाची, तेही यंत्रच सांगून मोकळं होतं. सरकारनं या खडीला नाव दिलं ‘साक्षी-कण’. साइटवर सगळे म्हणायचे, चुगलीखडी.

पूर्वी बांधकामाचे तंटे म्हणजे नुसता छळ असायचा. ठेकेदार म्हणायचा नकाशे उशिरा आले, मालक म्हणायचा मालात पाणी जास्त घातलं, आणि दोघांचं भांडण चालू असेतोवर वकिलांची पोरं परदेशात शिकून परत यायची. चुगलीखडी आली आणि आठवड्यात निकाल लागायला लागले. चांगलंच झालं, खोटं कशाला बोलावं? फक्त त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली आणि ती कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. माणसांना काही विचारायचंच लोकांनी सोडून दिलं.

ठेकेदार म्हणून रूपालीचं काम होतं निफाडच्या बाजूला, एका कर्करोग रुग्णालयात. किरणोपचाराच्या यंत्राची खोली बांधायची होती. आतले किरण बाहेर झिरपू नयेत म्हणून भिंती सात-सात फूट जाड. साइटवर त्या खोलीला सगळे बंकर म्हणत. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्याला ताप चढतो, हे गवंड्याच्या पोरालाही माहीत असतं. पण एवढ्या जाड भिंतीच्या पोटातला ताप लवकर उतरत नाही. आत कढत आणि बाहेरून निफाडची थंडी, असं झालं तर वरची कातडी आकसते आणि फुटते. म्हणून अशा भिंतीला सुरुवातीचे दिवस रजया पांघरतात. खरोखरच्या रजया, जाडजूड, वरून चंदेरी. नव्या बाळंतिणीला जपावं तसं त्या भिंतीला जपायचं.

आणि नेमकी पश्चिमेची भिंत फुटली होती. वाचकयंत्राचा अहवाल अगदी कोरडा होता. जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत एका रात्री या भिंतीवरचं पांघरूण काढण्यात आलं, पहाटे परत घालण्यात आलं, त्यामुळे तडा गेला. जबाबदारी ठेकेदाराची, संपूर्ण.

रूपालीनं शपथेवर लिहून दिलं होतं की रजया हललेल्याच नाहीत. तिला तसंच वाटत होतं. त्या रात्री ती साइटवर नव्हती, बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून सोलापूरला गेली होती. परत आली तेव्हा रजया जागच्या जागी होत्या. पण आता भिंत एक सांगत होती आणि ती दुसरं, आणि कलम एकेचाळीस भिंतीच्या बाजूनं होतं. ठेकेदारानं माहिती दडवली असं ठरलं की त्याची सरकारी नोंदणी जाते आणि त्याचं नाव काळ्या यादीत चढतं. धोत्र्यांच्या कित्येक पिढ्या दगड फोडण्यात गेल्या. सरकारी नोंदणी मिळवणारी रूपाली घराण्यातली पहिली. ती नोंदणी आता जायला निघाली होती, आणि भिंतही पाडायची असं रुग्णालयाच्या मालकांकडून मागणं आलं होतं. म्हणजे निफाडचे रुग्ण आणखी काही वर्षं मुंबईच्या वाऱ्या करणार.

“ताई, तडजोड करून टाकू,” तिचे वकील तन्मय सोनटक्के म्हणाले. तरुण माणूस, बोलायला तिखट पण मनानं बरा. “चूक कबूल केली तर निदान दडवल्याचा ठपका जाईल. भिंतीशी कोण भांडणार?”

“भिंतीचं सगळं म्हणणं तरी दाखवा मला.”

सोनटक्क्यांनी पडद्यावर भिंतीचा उष्णतेचा नकाशा उघडला. गरम भाग तांबडा, गार भाग निळा. त्या रात्रीची पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत निळी पडत गेली होती. तड्याची रेघ डोक्याच्या उंचीवरून सुरू होऊन वर गेली होती. पण खाली, जमिनीलगत, तांबूस ठिपक्यांची एक रांग होती. यंत्रानं त्यांवर बारीक फुल्या मारल्या होत्या.

“हे काय?”

“ते सोडा. यंत्रानं त्याला अनियमितता म्हटलंय आणि हिशेबातून वगळलंय. मोजणीत थोडा केर येतोच.”

रूपाली पडद्याजवळ सरकली. ठिपके सारखे नव्हते. काही रुंद, काही अरुंद, दोन-तीन अगदी लहान आणि मोठ्या ठिपक्यांना चिकटलेले. एक मात्र सगळ्यांत उंच, रांगेच्या टोकाला, दाराच्या बाजूनं.  ती लहान असताना तिची आई थंडीत तिला कुशीत घेऊन इमारतीच्या नव्या ओतलेल्या पायाला टेकून झोपायची. काँक्रीटची ऊब कशी असते, ते तिच्या पाठीला अजून आठवत होतं.

“सोनटक्के, केर कसला? या पाठी आहेत,” ती म्हणाली. “माझी माणसं बसलीत इथं.”

आणि जिथं जिथं पाठी टेकल्या होत्या, तिथं भिंतीला तडा गेला नव्हता.

जनाक्का तेव्हा सिन्नरच्या साइटवर होती. रूपालीकडे काम करणाऱ्या नवरा-बायको मजुरांच्या जोड्यांची ती मुकादम, वयानं रूपालीपेक्षा मोठी, आवाज असा की मिक्सर चालू असला तरी ऐकू यावा. रूपालीनं नकाशाचा फोटो तिच्यापुढे धरला.

“अगं बया!” जनाक्का फोटोवर बोट ठेवत म्हणाली. “ही मी. ही आमची सुनबाई आन् ह्ये तिचं बारकं. ह्यो नागेश, बघा कसा पसरून बसलाय मेला. आन् ह्यो लांबडा...” ती थांबली.

“कोण आहे तो?”

“आता काय सांगू, ताई. खांबेटे सायेब.”

रूपाली तिथल्या विटांच्या थप्पीवर बसलीच. अनिरुद्ध खांबेटे म्हणजे मालकांचे अभियंते. या तंट्यातला समोरचा पक्षच म्हणा ना. उंच, किडकिडीत, गळ्यात कायम मफलर. साइटवर त्यांचं नाव लेखीसाहेब, कारण कोणीही काहीही सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘लेखी द्या.’ वाळू ओली आहे म्हटलं, लेखी द्या. साइटवरचं कुत्रं चावलं म्हटलं, तेही लेखी द्या. पायाचा नारळ फोडताना तो कोणाच्या मंजुरीनं फोडताय, असं त्यांनी विचारलं होतं म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असेल, पण फार नसेल.

“त्या दिशी सांजच्याला गारपीट झाली,” जनाक्का सांगायला लागली. “वारं असलं सुटलं की आमच्या खोपटांचे पत्रे पतंगावानी उडाले. अंथरूण-पांघरूण समदं भिजलं. तुमचा फोन लागंना. पोरं लटालटा कापाया लागली. सायेब गाडीत बसून घरला निघाले व्हते, ते परत फिरले. भिंतीकडं बघितलं, पोरांकडं बघितलं आन् म्हनाले, काढा रजया. मी म्हनलं, सायेब, भिंत बिघडंल. तर म्हनाले, भिंत परत बांधता येती. मंग समद्यास्नी भिंतीला पाठी लावून बसवलं आन् वरून रजया टाकल्या. सोताबी बसले आमच्यात, वारं येत व्हतं त्या टोकाला. सुनबाईचं बारकं त्यांच्या मफलरात गुंडाळलं व्हतं. पहाटं आमी रजया पुन्यांदा बांधल्या.”

“आणि हे मला आत्ता सांगतेस?” रूपालीचा आवाज चढला. “माझी नोंदणी चाललीय, जनाक्का!”

जनाक्कानं फोटो तिच्या हातात परत दिला. “मला काय ठावं, ताई? सायेब म्हनाले व्हते, कुनी इचारलं तर माझं नाव सांगा, तुमी भिऊ नगा. पन आमाला कुनी इचारलंय का? तुमी समद्यांनी खडीला इचारलं.”

 ते पत्रे रूपालीच्याच साइटवरचे होते. बोल्टनं आवळायचे, म्हणून तिनंच सांगितलं होतं आणि मग नेहमीसारखे वर दगड ठेवून भागवलं होतं. सगळेच ठेकेदार तसं करतात, उद्या आवळू म्हणतात आणि तो उद्या उजाडत नाही. त्या रात्री तिची माणसं गारठून मेली असती. सुनेचं ते बारकं पोर तर नक्कीच. ती सोलापुरात बहिणीच्या उशाशी बसली होती आणि इकडे तिच्या माणसांना एका मफलरवाल्या कटकट्या माणसानं सांभाळलं होतं. तिला रडू फुटलं. जनाक्कानं पदरानं तिचे डोळे पुसले आणि चहा सांगितला.

सोनटक्के ऐकून खुर्चीतून उठलेच. “ताई, जिंकलो! मालकांच्या अभियंत्यानं सांगितलं म्हणजे मालकांनीच सांगितलं. सगळी जबाबदारी तिकडे! खांबेट्यांची उंची मोजून घेऊ, त्या टोकाच्या ठिपक्याशी जुळवू. साक्षी-कणांचाच पुरावा!”

“आणि खांबेट्यांचं काय होईल?”

“त्यांचं काय व्हायचंय? करारात तोंडी आदेशाला किंमत नाही. लेखी मंजुरीशिवाय रजया काढायला लावल्या, वर महिनोन्महिने गप्प बसले. त्यांचा परवाना जाईल. निवृत्ती तोंडावर आलीय, ती अशी येईल. आपल्याला काय त्याचं?”

 रूपाली तिथून उठून थेट खांबेट्यांच्या घरी गेली.

ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. तिला बघून त्यांच्या हातातली नळी खाली आली आणि चपला भिजल्या.

“धोत्रेबाई, तंटा चालू असताना दोन्ही पक्षांनी भेटू नये. तुम्हाला माहीत आहे.”

“तंट्याचं बोलायला आले नाही, साहेब. आभार मानायला आले. माझी माणसं तुम्ही वाचवलीत.”

त्यांनी नळ बंद केला.  “मी सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “वकील म्हणाले, खडीला जे माहीत नाही ते बोलायचं नाही. खरं सांगू? मी घाबरलो. जन्मभर दुसऱ्यांना लेखी द्या म्हटलं आणि माझ्याच हाती कागद नाही.”

“तुमचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. एवढंच सांगते. आणि आभार.”

“असलं बोलणं कराराच्या बाहेरचं आहे,” खांबेटे घाईनं म्हणाले.  “काही म्हणायचं असेल तर... लेखी द्या.” आणि त्यांनी फाटक लावून घेतलं. रूपालीला हसावं की रडावं कळेना. आभार काय लेखी द्यायची वस्तू आहे?

सुनावणी नाशिकला होती. लवाद म्हणून मुजावर मॅडम बसल्या होत्या. सरकारी खात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर मोठमोठ्या ठेकेदारांची बोबडी वळायची. रूपालीनं आदल्या दिवशी सोनटक्क्यांना आपला विचार सांगितला होता आणि त्यांनी अक्षरशः हात जोडले होते. पण बाई ऐकेल तर शपथ!

“धोत्रेबाई,” मुजावर मॅडमनी विचारलं, “तुम्ही आधी लिहून दिलंत, रजया हलल्या नाहीत.”

“तेव्हा तसंच वाटत होतं, मॅडम. ते चुकीचं होतं. रजया काढल्या होत्या. माझ्या मजुरांना पांघरायला. खाली भिंतीवर त्यांच्या पाठींचे डाग आहेत, यंत्रानं केर म्हणून पुसलेत.”

मॅडमनी नकाशा मागवला. चष्मा वर करून त्या ठिपक्यांच्या रांगेकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. “कोणी काढायला लावल्या? तुम्हाला माहीत आहे?”

“आहे.”

“नाव?”

“ते मी सांगणार नाही.”

सोनटक्क्यांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी चष्मा नीट केला. “माहिती दडवली तर तुमची नोंदणी जाते. आजच जाईल. कळतंय ना?”

“कळतंय, मॅडम.” रूपालीनं टेबल घट्ट धरलं. “नोंदणीसाठी मी अर्धं आयुष्य घातलंय. ती गेली तर मला फार वाईट वाटेल, उगाच मोठेपणा करत नाही. पण पत्रे माझे उडाले, ते मी आवळले नव्हते. माणसं माझी होती. त्यांना ज्यानं वाचवलं त्याला मी इथं आरोपी म्हणून उभं करू? माझ्यानं नाही होणार ते. मी त्या माणसाची ऋणी आहे.”

 मॅडमनी निकाल लिहायला समोरचा कळफलक जवळ ओढला. तेवढ्यात पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मालकांचे वकील कोणाची तरी बाही ओढत होते आणि ती बाही काही केल्या खाली बसत नव्हती.

“मॅडम,” खांबेटे म्हणाले, “तो आदेश माझा होता. तोंडी.”

“तोंडी?” मुजावर मॅडमना आश्चर्य लपवता आलं नाही. त्यांनाही लेखीसाहेबांची कीर्ती ठाऊक असावी. “तुमचा?”

“हो. लिहायला वेळ नव्हता. पोरं गारठली होती.” त्यांनी रूपालीकडे बोट दाखवलं. “बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्या सोलापूरला होत्या. मी आधीच सांगायला हवं होतं. टोकाचा तो उंच ठिपका माझा आहे, हवं तर मोजून घ्या.”

मॅडमनी कळफलक बाजूला सारला. “त्या मुकादमबाईंना बोलवा,” त्या म्हणाल्या. “मला त्यांचं ऐकायचंय.”

इथं एक मजा झाली. सुनावणीच्या संगणकात माणसाची साक्ष नोंदवायला जागाच नव्हती. कित्येक वर्षांत कोणी नोंदवलीच नव्हती. कारकून घामाघूम होऊन शोधत राहिला आणि शेवटी त्याला ‘इतर’ नावाचा एक रकाना सापडला. जनाक्काची साक्ष ‘इतर’मध्ये गेली. जनाक्का मात्र अशी सविस्तर बोलली की मॅडमना दोनदा पाणी मागवावं लागलं.

निकालात मॅडमनी लिहिलं की भिंतीनं काय घडलं ते बरोबर सांगितलं, पण ते का घडलं ते भिंतीला विचारता येत नाही, ते माणसांनाच विचारलं पाहिजे. रूपालीची नोंदणी राहिली. तडा वीतभरच खोल गेला होता, त्यामुळे भिंत पाडायची गरज नव्हती. तडा भरून बाहेरून काँक्रीटचं नवं जाकीट चढवायचं आणि खर्चाचा भार दोन्ही पक्षांनी वाटून घ्यायचा, असं ठरलं. पत्रे न आवळल्याबद्दल रूपालीला ताकीद मिळाली, आणि गप्प राहिल्याबद्दल खांबेट्यांना; त्यांचा परवाना मात्र राहिला. दोन्ही ताकिदी लेखी होत्या.

जाकीट ओतलं ते पुढच्या जानेवारीत. नव्या करारात एक कलम वाढलं होतं आणि त्याचा मसुदा खुद्द खांबेट्यांनी केला होता. थंडीच्या लाटेत उपलब्ध पांघरूण प्रथम मनुष्यांस व तदनंतर भिंतीस देण्यात यावे. खाली लेखी मंजुरीची गरज नाही, असंही त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्या वेळी त्यांचा हात थरथरला असेल, असं सोनटक्के म्हणायचे.

सकाळी रूपाली साइटवर आली तेव्हा भिंतीवर चंदेरी रजया होत्या. मजुरांच्या खोल्यांचे पत्रे बोल्टनं आवळलेले होते आणि आत शेगडी होती. ते सगळं तिनं स्वतः हात लावून तपासलं होतं. जनाक्काच्या सुनेचं बारकं आता दुडूदुडू पळायला लागलं होतं. ते पळत पळत भिंतीपाशी गेलं आणि रजईच्या फटीतून आत हात घालून उभं राहिलं. त्याला तिथलं गरम आवडत असावं.

दाराच्या बाजूला, वारं येतं त्या टोकाला, खांबेटे चहा घेत उभे होते. गळ्यात मफलर होता. रूपाली त्यांच्याजवळ गेली. काय बोलायचं ते तिनं घरून ठरवून आणलं होतं. 

“साहेब,” ती म्हणाली, “मागे तुमच्या फाटकात उभी राहून एक म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, लेखी द्या. मी लिहायला बसले होते खरंच. पण आमचं अक्षर तुम्हाला माहीत आहे.”

खांबेट्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मफलरानं चष्मा पुसला, मग डोळेही पुसले.

“ताकीद लेखी आली,” ते म्हणाले. “आभार तोंडी चालतील.”